खांद्यावरचा हात

९ जानेवारी

नर्सबाई आज पुन्हा आल्या! खुर्ची पुढे केली तर बसल्या नाहीत. "बसायला नाही आले ताई. विचारायला आलेय."

त्यांचा दवाखाना कालव्याच्या पलीकडे आणि अर्धी वस्ती अलीकडे. मोठा पूल लांब. अलीकडे कुणी बाई अडली की नर्सबाई पाण्याच्या पाइपवरून कालवा ओलांडतात — बॅग गळ्यात, चपला हातात! मागणी एवढीच की पायी जाण्यापुरता एक पूल व्हावा. मी गेल्या उन्हाळ्यातच शब्द दिला होता.

"तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून 'झालं समजा' म्हणाला होतात. मी वस्तीभर सांगत सुटले. आता बायका मला हसतात."

कान तापले माझे. दाराशी काका उभे होते. काका म्हणजे बाबांचे सेक्रेटरी, आता माझे. नात्याचे कुणी नव्हेत, पण माझ्या जन्माआधीपासून या घरात. त्यांच्या हातात कधी कागद नसतो, सगळं डोक्यात. म्हणाले, "बघतो ताई."

हे "बघतो" मी चार वर्षं ऐकतेय.

१० जानेवारी

काकांना विचारलं, पुलाचं कुठवर आलं? म्हणाले, "चाललंय." कुठे चाललंय, ते विचारायच्या आत फोन घ्यायला गेले.

१३ जानेवारी

आज जरा स्वस्थ बसून आठवून बघितलं. निवडून आल्यापासून मी ज्यांना ज्यांना हो म्हटलं त्यांपैकी कुणाचं काम झालं? शाळेची गळकी गच्ची — नाही. बसथांब्यावर छप्पर — नाही. शिंपीणबाईंच्या गल्लीतला दिवा — तो लागला म्हणून मी किती खूश झाले होते! नंतर कळलं, समोरच्या दुकानदाराने स्वतःच्या पैशाने लावला.

आणि बाबांचं? बाबा निवृत्त होऊन बागेत बसतात, तरी त्यांनी "होईल" म्हटलेलं काम आठवड्यात होतं. ऑफिस तेच. काका तेच. टेलिफोनसुद्धा तोच! मग फरक कुठे?

माझ्यातच असणार म्हणा. आजोबा या जागेवर होते, मग बाबा. मी मधेच टपकलेली. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, धाकटा भाऊ परदेशात शिकत होता, निवडणूक दारात. मी आपली माझ्या दवाखान्यात लोकांचे दात काढत होते. बाबांनी बोलावलं — "उभी राहशील?" मी ग्लोव्ह काढले आणि उभी राहिले. तेव्हापासून लोक माझ्यापुढे तोंड उघडतात ते बोलायला, आणि मला सवयीने आधी त्यांच्या दाढा दिसतात.

१६ जानेवारी

बाबांना सरळ विचारलं. ते गुलाबाच्या फांद्या छाटत होते.

"बाबा, माझी कामं का होत नाहीत हो?"

"होतात गं. वेळ लागतो."

"तुमची लगेच होतात."

"माझे केस बघ आणि तुझे बघ." आणि हसले. छान हसतात. त्या हसण्यावर दोन पिढ्या मतं पडलीत. मग म्हणाले, "एक लक्षात ठेव. नाही म्हणायचं नाही कुणाला. नाही ऐकलेला माणूस मरेपर्यंत विसरत नाही."

मी मान डोलावली. पण मग नाही म्हणायचं असेल तेव्हा बाबा काय करायचे? विचारायला पाहिजे होतं. ते तोवर पुढच्या कुंडीकडे गेले.

२१ जानेवारी

आज काकांना न सांगता इंजिनिअरसाहेबांना स्वतः फोन लावला. ते बिचारे गडबडलेच. "ताई, पण पुलाची घाई नाही, असा तुमच्याच ऑफिसातून निरोप आहे. उन्हाळ्यापासून!"

माझ्याच ऑफिसातून!

ऑफिसात माणसं किती? मी, काका आणि चहावाल्या मावशी. मावशी निरोप देणार नाहीत. म्हणजे काका. पण का? काकांनी मला खांद्यावर घेऊन हिंडवलंय. मी डावखुरी, दवाखाना थाटला तेव्हा पेशंटची खुर्ची, दिवा, पाण्याची नळी, सगळं माझ्या उलट्या बाजूला! काकांनी कुठून तरी एक फिटर शोधून आणला आणि अख्खा सेट उजवीकडून डावीकडे बसवून घेतला. तो माणूस माझ्या पाठीमागे "घाई नाही" म्हणून सांगतो? डोकं चालेनासं झालंय.

रागही येत नाहीये. नुसती उत्सुकता! कीड लागलेला दात शोधताना यायची तशी. एक दात दुखतोय असं पेशंट सांगतो, आणि कीड भलत्याच दातात असते.

२३ जानेवारी

सापडलं!!

आई वाटाणे सोलत बसली होती. मी सहज म्हटलं, "आई, बाबा लोकांना नाही कसं म्हणायचे गं?" ती आधी हसली, मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "तुला नाही माहीत? चार वर्षं त्या खुर्चीत बसतेस आणि माहीत नाही?"

तर ते असं. बाबा प्रत्येकाला हो म्हणतात. आणि निरोप देताना खांद्यावर हात ठेवतात. उजवा हात ठेवला की काकांनी काम करायचं. डावा ठेवला की करायचं नाही. बस्स! ना शब्द, ना चिठ्ठी. माणूस खूश होऊन घरी जातो, आणि काका दारातून बघत असतात.

"मला लग्नानंतर वर्षभराने कळलं," आई म्हणाली. "त्याच दिवशी बजावलं, मला डावा हात लावलात तर याद राखा!"

"घरच्यांना पण लावतात?"

"कोण जाणे बाई," म्हणाली आणि वाटाण्यांत डोकं घातलं.

मी तिथेच बसले आणि हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. मी कुठला हात ठेवते लोकांच्या खांद्यावर? लिहिते कुठल्या हाताने? दात कुठल्या हाताने उपटत होते? अरे देवा! नर्सबाई, शाळेची गच्ची, बसथांबा, सगळ्यांच्या खांद्यावर मी मनापासून, प्रेमाने, डावा हात ठेवलाय! आणि काकांनी इमानेइतबारे एकेक काम गाडून टाकलंय!

हसून हसून पोट दुखलं. आई म्हणाली, वेड लागलं का? रडूही येत होतं थोडं. गच्ची अजून गळते ना ती.

२४ जानेवारी

सकाळी ऑफिसात सर्वांत आधी काय केलं असेल तर खुर्चीवर चढून पोस्टर बघितलं. मावशी म्हणाल्या, पडाल!

माझ्या उमेदवारीच्या दिवशीचा फोटो. बाबा नि मी स्टेजवर, त्यांचा हात माझ्या खांद्यावर, खाली मोठ्या अक्षरांत "विश्वासाचा हात". सगळ्या मतदारसंघात भिंतीभिंतीवर लागला होता. खरं तर मला तो कधी आवडला नाही. त्यातली मी मला परकीच वाटते, भांगसुद्धा कसातरीच दिसतो. पण आज तो प्रश्न नव्हता. हात कुठला? त्या दिवशीचं मला काही आठवत नाही, मी रडत होते. बाबांनी सगळ्यांसमोर मला पुढे केलं होतं! लहानपणापासून त्यांनी माझ्यावर कशाचाही विश्वास टाकला नव्हता, पाहुण्यांपुढे चहाचा ट्रे नेण्याचासुद्धा.

उजवा! उजवा आहे! खुर्चीवरून उतरताना मावशींना मिठीच मारली.

२५ जानेवारी

काकांशी बोलले. दार लावून घेतलं आणि हसतहसत सगळं सांगितलं. "काका, अहो मी डावखुरी! तुम्ही माझा हात बघून माझीच कामं बुडवलीत!"

काकांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग म्हणाले, "हो ताई. चूक झाली माझी. लक्षातच आलं नाही."

किती ओशाळले बिचारे! मीच त्यांना पाणी दिलं. म्हटलं, आजपासून माझा हात बघायचा नाही, तोंड बघायचं. हो म्हणजे हो. त्यांनी मान हलवली.

एवढ्या वर्षांत काकांची एक चूक कुणी पकडली नव्हती. मी पकडली!

४ फेब्रुवारी

काकांवर न सोपवता नर्सबाई आणि इंजिनिअरसाहेबांना घेऊन स्वतः कालव्यावर गेले. इंजिनिअरसाहेब काठावरूनच म्हणाले, "जागा तर बरी दिसतेय." नर्सबाई म्हणाल्या, "साहेब, एकदा पाइपवरून येऊन बघा ना." ते हसले, मग त्यांना कळलं की बाई थट्टा करत नाहीयेत. गेले बिचारे! मधोमध पोचल्यावर दोन्ही हात पसरून जे थांबले, ते ना पुढे ना मागे. नर्सबाईंनी हाताला धरून आणलं. अंगावर दरदरून घाम.

परत येताना गाडीत स्वतःहून म्हणाले, "या महिन्यात सुरू करू."

मी गेले का पाइपवर? गेले. चपला हातात. खाली बघितलं नाही. पलीकडे एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "तू कोण गं?" मी म्हटलं, तुम्ही निवडून दिलेली. ती म्हणाली, "अगं बाई! ती तर भिंतीवर असते."

२७ फेब्रुवारी

खांब रोवायला सुरुवात!! नर्सबाईंचा फोन. बोलताना आनंदाने आवाज चढला होता त्यांचा. माझाही.

१९ मार्च

गच्चीचं काम धरलं. बसथांब्याचंही. काका आता फोन करतात, पण आधी माझ्याकडे जरा वेळ बघत राहतात. चेहऱ्यावर काहीतरी असतं त्यांच्या. विचारलं, तब्येत बरी आहे ना? "बरी आहे ताई." ताकास तूर लागू देत नाहीत!

आज बाजारात एका माणसाने मला थांबवलं आणि बाबांचं नाव न काढता माझ्याशी बोलला. पहिल्यांदाच. घरी येईपर्यंत गाडीत शीळ घालत होते.

११ एप्रिल

धाकटा आला परदेशातून, कायमचा! दाढी ठेवलीय. गोड पोरगं आहे, राग धरावा असं काही नाही त्याच्यात. विमानतळावर मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाला, "ताई, किती मस्त धरून ठेवलंस गं सगळं!"

धरून ठेवलंस. शब्द कानात अडकून बसलाय. बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं? छे! प्रवासाने दमला होता, काहीतरी बोलला.

१३ एप्रिल

बाबा दोन दिवस तरुण झालेत. धाकट्याला घेऊन सगळ्या जुन्या लोकांकडे चाललेत. मला म्हणाले, "तू तुझं काम कर, तुला कशाला त्रास."

आईने माझ्या ताटात न मागता जास्त वाढलं. ती वाईट बातमी असली की असं करते.

२० एप्रिल

पुलावरून आज पहिल्यांदा माणसं चालली. कठडा व्हायचाय अजून, पण थांबतंय कोण! नर्सबाई सगळ्यांत पुढे. पायात चपला होत्या. मधोमध थांबून त्यांनी मुद्दाम पाय आपटून बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी उगाच बोलले हो तुम्हाला."

उगाच नव्हतं. बोलल्या नसत्या तर मी अजून लोकांचे खांदे थोपटत बसले असते.

बाबांना घरी येऊन सांगितलं. "अरे वा," म्हणाले. मग धाकट्याला विचारलं, "त्या कालव्याकडच्या वस्तीत तुझी एक सभा ठेवायची का?"

तुझी!

२ मे

जेवताना बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. आजोबांचं घड्याळ, मग बाबांचं. मला आठवतं तेव्हापासून त्यांच्या हातावर. काढून धाकट्याच्या हातावर बांधलं. धाकट्याचे डोळे भरून आले, आई उठून पाणी आणायला गेली. पाणी टेबलावरच होतं.

मी बाबांच्या मनगटाकडे बघत होते. इतक्या वर्षांचा पांढरा पट्टा पडलाय कातडीवर. कुठेतरी काहीतरी खुपतंय मला, आणि काय ते कळत नाही. घड्याळ धाकट्याला दिलं म्हणून? ते तर खुपतंच. खोटं कशाला बोलू, चांगलंच खुपतंय. पण त्याशिवायही काहीतरी आहे.

३ मे

पांढरा पट्टा डाव्या हातावर आहे. बाबा घड्याळ डाव्या हातात घालतात. कायम.

पोस्टरवर माझ्या खांद्यावर जो हात आहे, त्या मनगटावर घड्याळ आहे.

४ मे

फोटो स्टुडिओत गेले. फोटोवाला ओळखीचा, मी त्याची अक्कलदाढ काढलेली. त्याने कबूल करायला एक मिनिट लावलं नाही. "हो ना ताई, उलटा केला होता तो. पक्षाचं नाव या बाजूला आणि तुमचं तोंड त्या बाजूला, बरं दिसत नव्हतं. मागे नुसता पडदा होता, कुणाला कळणार?" मूळ फोटो काढून दाखवला. माझा भांग जिथे असतो तिथे. बाबांच्या शर्टाचा खिसा जिथे असतो तिथे. आणि माझ्या खांद्यावर बाबांचा डावा हात.

आयुष्यभर तोंडातल्या इवल्याशा आरशात उलटं बघून सुलटं काम करत आले मी! आणि भिंतीएवढा उलटा फोटो चार वर्षं ओळखता आला नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा.

फोटोवाला विचारत होता, नवीन कॉपी हवी का? नको म्हटलं.

५ मे

काकांना बागेच्या मागच्या बाजूला गाठलं. "काका, तुम्ही माझी पेशंटची खुर्ची उलटी बसवून घेतली होतीत. मी डावखुरी आहे हे तुमच्या लक्षात नव्हतं?"

काकांनी चष्मा काढला.

"माझा हात बघून कामं थांबवत नव्हता तुम्ही."

"तुमचा हात मी कधी बघितलाच नाही ताई," काका म्हणाले. "साहेबांचा बघितला होता. त्या दिवशी, स्टेजवर."

मग हळूहळू सगळं बोलले. बाबांनी त्यांना पुढे कधी काही सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. एक हात, त्याचा अर्थ एकच — ताई बसतील, पण ताईंचं काही करायचं नाही. लोकांना त्यांची सवय लागता कामा नये. धाकटे साहेब येईपर्यंत.

"मग त्या दिवशी चूक झाली का म्हणालात?"

"तुम्ही किती हसत होतात, ताई," म्हणाले. "मला नाही जमलं."

आम्ही दोघंही बाबांच्या गुलाबांकडे बघत उभे राहिलो. जन्मात एक चूक न केलेला माणूस, माझं हसू मोडू नये म्हणून खोटी चूक पदरात घेऊन बसला! मला बाबांपेक्षा त्यांचंच जास्त वाईट वाटलं. नाही, हे खरं नाही. बाबांचंच वाटलं. फार वाटलं. उमेदवारीच्या त्या दिवशी मी आनंदाने रडत होते हो! आणि तेव्हा तो हात खांद्यावर होता.

जाताना काका एवढंच म्हणाले, "पुलाचा तो निरोप मागे घेताना मात्र मी साहेबांना विचारलं नव्हतं."

८ मे

काही लिहावंसं वाटत नाही. शाळेच्या गच्चीवर जाऊन आले. पाणी ओतून बघितलं. एक थेंब खाली आला नाही.

१७ मे

नर्सबाई आल्या, कामाशिवाय! नुसत्या बसल्या, चहा प्यायल्या. म्हणाल्या, वस्तीत बोलतात की पुढच्या वेळी भावाला उभं करणार. खरं का? मी म्हटलं, अजून काही ठरलं नाही. त्या म्हणाल्या, "तुमचं ठरलंय का, ते सांगा."

नाही सांगितलं. पण उत्तर माझ्याकडे तयार होतं, याचं मलाच नवल वाटलं.

२८ मे

पुढच्या रविवारी पक्षाची बैठक. नाव तिथेच ठरणार. काकांनी आज दारातून विचारलं, "ताई, बैठकीचं काही... सांगायचंय का मला?"

म्हटलं, अजून नाही काका.

२ जून

सकाळी चहाच्या वेळी बाबांनी शेजारची खुर्ची ओढून मला बसवलं. "रविवारी धाकट्याचं नाव तूच सुचव. बहिणीच्या तोंडून बरं दिसतं. सुचवशील ना?"

"हो बाबा! त्यात विचारायचं काय? झालं समजा."

उठताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. डावा. सावकाश.

बाबांनी आधी त्या हाताकडे बघितलं. मग दारात उभ्या असलेल्या काकांकडे.

काका माझ्याकडे बघत होते.